तीन वर्तुळे आणि एक जिल्हा : सुरक्षा आणि स्वातंत्र्याच्या वादाकडे जालन्यातून बघताना

(जालना येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजच्या विषयाचे नाव जरा जड आहे : राष्ट्रीय सुरक्षा आणि नागरी स्वातंत्र्य यांच्या वादातून कायदा व समाज यांचा अभ्यास. असं नाव ऐकलं की डोळ्यांसमोर दिल्ली येते, काश्मीर येतं, गडचिरोलीचं जंगल येतं. जालना येत नाही. जालना म्हटलं की बियाणे कंपन्या, लोखंडी सळया, मोसंबी आणि मोंढा. पण आम्ही काही जण गेली काही वर्षे एकत्र बसून न्यायालयाचे निकाल वाचतो, आणि आमचा अनुभव असा की हा विषय जालन्यातून जितका स्वच्छ दिसतो तितका तो दिल्लीत लिहिलेल्या पुस्तकांतून दिसत नाही. ते आज मांडायचे आहे. ते मांडताना या विषयावर जे लिहिले आणि शिकवले जाते त्यावर टीकाही होईल. कुणाला रागही येईल. शेवटी प्रश्न घेऊ.

तराजूबद्दल एक तक्रार

या विषयावरचा कुठलाही लेख उघडा, पहिल्या पानावर तराजू भेटतो. एका पारड्यात सुरक्षा, दुसऱ्यात स्वातंत्र्य. सुरक्षा जास्त हवी तर स्वातंत्र्य थोडं सोडा. 'समतोल साधला पाहिजे' असे म्हणून लेख संपतो. वाचणाऱ्यालाही बरे वाटते, लिहिणाऱ्यालाही.

आमची तक्रार या तराजूवर आहे. सुरक्षा महत्त्वाची नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. या शहराला ते सांगायची गरज नाही. २७ ऑगस्ट २००४ रोजी, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, जालन्यातल्या कादरिया मशिदीवर बॉम्ब फेकले गेले. त्याच दिवशी परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा इथेही तसाच हल्ला झाला. माणसे जखमी झाली. त्या दिवशी ज्यांची मुले नमाजाला गेली होती त्यांना कुणी सांगू नये की सुरक्षा हा सरकारचा बहाणा आहे. प्रार्थनेला गेलेला माणूस धडधाकट घरी यावा, ही नागरी स्वातंत्र्याचीच पहिली अट आहे.

मग तक्रार काय? तराजू असं गृहीत धरतो की एक पारडं हलकं केलं की दुसरं आपोआप भरतं. स्वातंत्र्य दिलं की सुरक्षा मिळते. महाराष्ट्राचा अनुभव बघा. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. खटला मोक्काखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीसाठी १९९९ मध्ये याच राज्याने केलेल्या कडक कायद्याखाली चालला. त्यात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाबही पुरावा म्हणून चालू शकतो, जे साध्या कायद्यात चालत नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, त्यातल्या पाच जणांना फाशी दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. अपिलाचे पुढे काय व्हायचे ते होवो. पण १९ वर्षांनंतर उच्च न्यायालयाने पुरावा तपासला तेव्हा तो टिकला नाही, एवढे तर खरे.

त्यानंतर दहा दिवसांनी, ३१ जुलै २०२५ ला, २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल आला. सहा माणसे मेली होती. सातही आरोपी सुटले. आणि त्याआधी २००६ चा मालेगाव स्फोट आठवा. त्यात पकडलेले नऊ मुस्लिम तरुण वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले, २०११ मध्ये जामिनावर आले आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. एका निकालावर एक बाजू आनंदते, दुसऱ्यावर दुसरी. आम्ही दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारतो : मग बॉम्ब ठेवले कुणी? ज्यांची माणसे गेली त्यांना अजून उत्तर नाही. आरोपींचे आयुष्य गेले आणि मृतांच्या घरच्यांना न्यायही मिळाला नाही. तराजूच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही पारडी रिकामी. हे तराजूत बसत नाही.

उलट उदाहरण २६ नोव्हेंबर २००८ चे. या राज्याने पाहिलेल्या सर्वांत भयंकर हल्ल्यांपैकी तो एक. जिवंत पकडलेल्या दहशतवाद्याला वकील दिला, साक्षीदार तपासले, कॅमेऱ्याची चित्रे तपासली. २०१० मध्ये विशेष न्यायालयाने अजमल कसाबला फाशी दिली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली आणि २०१२ मध्ये अमलात आली. पण त्याच खटल्यातल्या दोन भारतीय आरोपींना त्याच न्यायालयाने पुराव्याअभावी सोडले, आणि तेही वरपर्यंत टिकले. म्हणजे ज्या प्रक्रियेने आरोपीचे हक्क जपले त्याच प्रक्रियेने शिक्षाही पक्की केली. आरोपीचे हक्क जपणे म्हणजे तपास नीट करायला भाग पाडणे. म्हणून प्रश्न 'किती स्वातंत्र्य सोडायचं' हा नाही. 'अधिकार वापरणाऱ्याला कारण दाखवावं लागतं का आणि ते कुणी तपासतं का' हा आहे.

पाटण्याच्या जिल्हाधिकाऱ्याचा एक शब्द

आता थोडे मागे जाऊ. ऑगस्ट १९६५. पाटण्यात डॉ. राममनोहर लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले. आदेश कुणाचा? जिल्हा दंडाधिकाऱ्याचा, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याचाच. नियमात शब्द होते 'सार्वजनिक सुव्यवस्था'. आदेशात लिहिले होते 'कायदा व सुव्यवस्था'. एवढाच फरक. लोहिया सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल आला सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध पेटलेले असताना. न्यायालयाने लोहियांना सोडले.

न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तिथे तीन वर्तुळांची कल्पना मांडली. सगळ्यात मोठे, बाहेरचे वर्तुळ म्हणजे कायदा व सुव्यवस्था. त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे वर्तुळ. आणि सगळ्यात आत, सगळ्यात लहान वर्तुळ म्हणजे राज्याची, देशाची सुरक्षितता. दोन दारुड्यांनी भररस्त्यात मारामारी केली तर कायदा मोडला, पण म्हणून सगळ्या गावाचे जगणे विस्कळीत झाले असे नाही. आणि गावाचे जगणे विस्कळीत झाले म्हणून लगेच देश धोक्यात आला असेही नाही. आतल्या वर्तुळासाठी दिलेला जबर अधिकार बाहेरच्या वर्तुळात वापरायचा नाही, असा त्याचा अर्थ.

यावर टीका होते ती अशी की युद्ध चालू असताना न्यायालय एका शब्दावर अडले, ही तांत्रिक करामत झाली. वर्गात शिकवतानाही हा निकाल बहुधा 'व्याख्यांचा निकाल' म्हणून दोन ओळींत उरकतात. आम्हाला वाटतं हे चूक आहे. तो शब्द म्हणजे अधिकाऱ्याने डोकं चालवलं की नाही याचा पुरावा होता. एखाद्या माणसाला खटल्याशिवाय आत टाकायचं असेल तर निदान कुठल्या वर्तुळातला धोका आहे हे तरी त्याने ठरवायला हवं. ठरवलं असतं तर नीट लिहिलं असतं.

मराठीत आपली एक वेगळी अडचण आहे, तिच्याकडे आमचे लक्ष उशिरा गेले. इंग्रजीत बाहेरच्या दोन वर्तुळांची नावे बऱ्यापैकी वेगळी पडतात. मराठीत दोन्हींत 'सुव्यवस्था' आहे. आपल्या बातम्यांत तर तीनही वर्तुळे एकाच वाक्यात बसतात : 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होऊ नये म्हणून सुरक्षेच्या दृष्टीने कडक बंदोबस्त'. वाचून कुणाला काही खटकत नाही. शब्दांच्या सीमा पुसल्या की अधिकाराच्या सीमाही पुसल्या जातात. आणि आता त्यात 'जनसुरक्षा' हा नवा शब्द आला आहे. त्याकडे पुढे येऊ.

तडीच्या पार

ही वर्तुळे हातात घेऊन आता जालन्यात येऊ. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या जिल्ह्यातल्या एका तडीपारीवर निकाल दिला. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली एका माणसाला दोन वर्षांसाठी जालना जिल्ह्याबाहेर जायला सांगितले होते. आदेश डिसेंबर २०२० चा. उच्च न्यायालयात दाद लागली नाही, म्हणून तो दिल्लीपर्यंत गेला.

तडीपार हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्याचा अर्थ विसरलो. तड म्हणजे काठ. तडीपार म्हणजे काठाच्या पलीकडे. आपल्या जिल्ह्याची दक्षिणेची हद्द गोदावरी आहे, म्हणजे शहागडचा पूल ओलांडून बीडच्या बाजूला गेलं की झालं. कागदावर ही फार मोठी शिक्षा वाटत नाही. शिक्षा म्हणतच नाहीत तिला, 'प्रतिबंधक कारवाई' म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने मात्र नेमके बोट ठेवले : अशा आदेशाने माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या कुटुंबासोबत राहू शकत नाही, त्याची रोजीरोटी जाऊ शकते. देशात कुठेही फिरण्याचा मूलभूत हक्क काढून घेतला जातो. म्हणून हे असाधारण पाऊल आहे आणि ते क्वचितच उचलावे.

या प्रकरणात काय खटकले? आधारासाठी दाखवलेले काही गुन्हे इतके जुने होते की आजच्या धोक्याशी त्यांचा जिवंत संबंध उरला नव्हता. आणि कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदत आहे, ती पूर्ण दोन वर्षे दिली, पण का, ते आदेशात लिहिले नव्हते. आदेश रद्द झाला.

हा निकाल तुम्हाला राष्ट्रीय सुरक्षेच्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. कारण तो 'लहान' आहे. पण बघा ना, पाटण्याच्या आदेशात जे दुखणे होते तेच इथे आहे. जबर अधिकार, लिहिलेले कारण नाही, मोजलेली मुदत नाही. फरक इतकाच की लोहिया हे लोहिया होते आणि हा जालना जिल्ह्यातला एक साधा माणूस होता. त्याला दिल्लीपर्यंत जाता आले. तिथपर्यंत न पोचणाऱ्यांचे आदेश कोण वाचतो?

आणि तडीपारी तरी एका माणसाची असते. त्याच कायद्याचे कलम ३७ बघा. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चौकोन येतो : जिल्ह्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कलम ३७ (१) व (३) लागू, शस्त्रे, काठ्या बाळगण्यास आणि पाच किंवा अधिक लोकांनी जमण्यास मनाई. कारण काय, तर सणवार, आंदोलने, निवडणुका. जमावबंदीचा असा आदेश एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणून पंधरा दिवस झाले की नवा आदेश निघू शकतो. राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत हे आदेश असे निघत असतात. गंमत म्हणजे त्या काळात लग्ने होतात, आठवडी बाजार भरतात, कुणाला पकडत नाहीत. मग आदेश कशासाठी? तो खिशात ठेवलेला असतो. ज्या दिवशी नको असलेले लोक जमतील त्या दिवशी बाहेर काढायला. अपवादाची अशी सवय लागली की मग कुणी 'धोका कोणता' हे विचारत नाही.

आपल्या भागाला हे नवे नाही. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात आणि औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात 'गश्ती निशाण ५३' नावाचे फर्मान होते. गश्ती म्हणजे परिपत्रक. सभा घ्यायची तर आधी परवानगी. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली. आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडा लावतो तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांचे नाव घेतो. त्यांच्या लढ्याची सुरुवात राज्य उलथवण्यापासून नव्हे, सभा घेण्याच्या हक्कापासून झाली होती, हे भाषणात कुणी सांगत नाही. निजामाचे राज्य आणि आजचे लोकशाही राज्य एक आहे असे आम्ही म्हणत नाही. आज न्यायालय आहे, निवडणूक आहे. पण म्हणूनच आज आदेशाला कारण विचारता येते. विचारले नाही तर तो फरक कागदावर राहतो.

अंतरवाली सराटी

आता ज्या प्रकरणाने जालन्याचे नाव देशभर गेले ते. अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली. आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. पोलिसांचे म्हणणे, आधी दगड आले. गावकऱ्यांचे म्हणणे, आधी लाठी आली. ४ सप्टेंबरला तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले.

मराठा आरक्षण हवे की नको, हा आजचा विषय नाही आणि या सभागृहात दोन्ही मते असणार. आपण फक्त वर्तुळांचा प्रश्न विचारू. गावात मंडप टाकून उपोषण करणारा माणूस कुठल्या वर्तुळात येतो? आमच्या मते तिन्हींच्या बाहेर. त्याची तब्येत हा प्रशासनाच्या काळजीचा विषय आहे, धोक्याचा नव्हे. दगड मारणारा माणूस बाहेरच्या वर्तुळात येतो. त्याच्यावर गुन्हा नोंदवा, पुरावा द्या. पण गर्दीतल्या एकाने दगड मारला म्हणून सगळ्या मंडपावर लाठी चालवणे म्हणजे सगळी गर्दी एकदम आतल्या वर्तुळात ढकलणे. माफी मागितली हे चांगले झाले. पण माफी ही राजकीय गोष्ट आहे. लाठी चालवायचा निर्णय कुणी घेतला, कुठल्या कारणाने, त्याची नोंद काय, हे माफीने कळत नाही. आम्हाला माफीपेक्षा ती नोंद हवी.

मग फेब्रुवारी २०२४. जरांगे पाटलांनी मुंबईकडे निघण्याची घोषणा केली. २६ तारखेला तीर्थपुरीला एसटीची बस जाळली. अंबड तालुक्यात जिल्हाधिकाऱ्यांनी संचारबंदी लावली. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद झाले. बस जाळणे हा गुन्हा आहे, ती बस आपल्याच गावच्या पोरींना शाळेत नेणारी असते. एका तालुक्यात काही काळ संचारबंदी, यालाही कारण असू शकते. पण तीन जिल्ह्यांचे इंटरनेट? मोंढ्यात फोनवरून पैसे घेणारा हमाल, ऑनलाइन अर्ज भरणारी पोरगी, मुंबईच्या दवाखान्यातून तपासणीचा कागद मागवणारा रुग्ण, यांचा त्या बसशी काय संबंध? संचारबंदीत निदान दूध, दवाखाना अशा गोष्टी वगळता येतात. इंटरनेटचे बटण तसे काही वगळत नाही.

इथे काश्मीरचा धागा जालन्याला येऊन मिळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरचे इंटरनेट बंद झाले. 'अनुराधा भसीन' खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, बंदीचा प्रत्येक आदेश प्रसिद्ध केला पाहिजे म्हणजे त्याला आव्हान देता येईल, बंदी धोक्याच्या प्रमाणात हवी, आणि जमावबंदीचे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर ठरू शकतो. तत्त्व म्हणून निकाल उत्तम. पण टीका करायची तर ही : न्यायालयाने त्या दिवशी इंटरनेट सुरू करून दिले नाही, आढावा घ्या म्हणून सांगितले. काश्मीरमध्ये फोर-जी परत आले फेब्रुवारी २०२१ मध्ये. तत्त्व जिंकले, माणसे थांबून राहिली. असे निकाल वकिलाला टाळीचे वाक्य देतात आणि अशिलाला पुढची तारीख. तरीही त्यातली एक गोष्ट आपल्या हातात आली आहे. इंटरनेट बंद करण्याचा आदेश राज्याच्या गृहसचिवांच्या पातळीवर निघतो आणि तो प्रसिद्ध करणे आता बंधनकारक आहे. तो मागून वाचला पाहिजे. काश्मीरच्या लोकांनी लढून मिळवलेला हा हक्क घनसावंगीच्या माणसालाही लागू आहे. तेव्हा 'तिकडचं तिकडे' म्हणणारे आपणच होतो, हेही आठवून ठेवावे.

आणखी एक गोष्ट तराजूवाले विसरतात : स्वातंत्र्य कुणाचे? जून २०२४ मध्ये अंतरवालीजवळच वडीगोद्रीला लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणासाठी उपोषणाला बसले. एकाच तालुक्यात, शेजारच्या गावांत, एकमेकांविरुद्धच्या मागण्या घेऊन दोन मंडप. जो म्हणतो की पहिल्या मंडपाला हक्क होता, त्याला दुसऱ्याचाही मानावा लागेल. आपल्या बाजूचे ते आंदोलन आणि समोरच्या बाजूचा तो धोका, अशी वाटणी करून स्वातंत्र्य टिकत नाही. समाजाने आधी अशी वाटणी केलेली असते म्हणून सरकारला तसे आदेश काढणे सोपे जाते. कायदा आणि समाज एकत्र अभ्यासायचे ते यासाठीच.

जनसुरक्षा

आता तो नवा शब्द. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. २०२४ मध्ये आले, संयुक्त समितीकडे गेले, तिच्याकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. विधानसभेत डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. सरकारची बाजू अशी : शहरी भागांत माओवाद्यांच्या आघाडीच्या संघटना काम करतात, छत्तीसगड, आंध्र, तेलंगण, ओडिशा या राज्यांत असे कायदे आहेत, आपल्याकडे नाही. गडचिरोलीत पोलीस आणि आदिवासी दोघांनीही फार सोसले आहे. ती बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

पण मजकूर वाचा. 'बेकायदेशीर कृत्य' कशाला म्हणायचे, तर सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणारे किंवा आणण्याचा कल असणारे कृत्य, कायद्याच्या आणि प्रस्थापित संस्थांच्या कामात अडथळा आणण्याचा कल असणारे कृत्य, त्यांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणे किंवा तसा प्रचार करणे. बोलून, लिहून, खुणेने, चित्राने, कसेही. संघटना बेकायदेशीर ठरली की तिच्या कामासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हे अजामीनपात्र.

वर्तुळे आठवा. कायद्याचे नाव आणि कारण आतल्या वर्तुळातले : सशस्त्र उठाव, नक्षलवाद. व्याख्या मात्र बाहेरच्या वर्तुळाच्याही काठावरची : 'कल' आणि 'अवज्ञा'. तहसीलदाराच्या दारात 'वीजबिल भरणार नाही' म्हणून बसलेल्या शेतकऱ्याचा कल कुठे जातो? १९३८ च्या सत्याग्रहींचा कुठे गेला असता? सरकार म्हणते, त्यांच्यावर हा कायदा लावणार नाही. मानू या. पण कायदा सरकारच्या स्वभावावर नव्हे, शब्दांवर चालतो. उद्या सरकार बदलेल, शब्द तिथेच राहतील. आज या कायद्यावर खूश असलेल्यांनी तर हे जास्त लक्षात ठेवावे.

समितीने काही बदल केले ते मान्य केले पाहिजेत. उद्देश 'कडव्या डाव्या' संघटनांपुरता आणायचा प्रयत्न झाला. तपास वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला. पण 'कडव्या डाव्या' नंतर 'किंवा तत्सम' आले. मराठीत 'तत्सम' हा शब्द व्याकरणात शोभतो, फौजदारी कायद्यात नाही. कशासारखे, कुणाच्या नजरेने सारखे? आणि बंदी तपासायला सल्लागार मंडळ आहे, न्यायाधीशपदाचा अनुभव असलेली माणसे त्यात आहेत, हे चांगले. पण त्याच मंडळात उच्च न्यायालयातला सरकारी वकीलही बसतो. ज्याचा आदेश तपासायचा त्याच्याच वकिलाला तपासणीच्या बाकावर बसवायचे, हे आमच्या गावच्या पंचायतीलाही पटणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. विद्यार्थ्यांनी हा विषय वरून खाली न शिकता खालून वर शिकावा. 'सुरक्षा की स्वातंत्र्य' या निबंधाआधी एक तडीपारीचा आदेश वाचावा, एक जमावबंदीचा, एक इंटरनेटबंदीचा. प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत. धोका कुठल्या वर्तुळातला? कारण लिहिले आहे का? मुदत कुठे संपते? आणि तपासणार कोण? तालुक्याच्या आदेशाला हे चार प्रश्न विचारायची सवय लागली तर देशाच्या कायद्याला विचारायला जीभ अडखळणार नाही. न लागली तर सर्वोच्च न्यायालयाचे कितीही निकाल पाठ केले तरी उपयोग नाही.

आता प्रश्न घेऊ.

श्रोता : पोलिसांनी दगड खात उभे राहायचे का? त्यांना बायकापोरे नाहीत का?

आहेत, आणि अंतरवालीत पोलीस जखमी झाले ते खरेच आहे. स्वसंरक्षणाचा आणि जमाव पांगवण्याचा अधिकार कायद्यानेच त्यांना दिला आहे. तो काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. पण बघा, निर्णय कुणी घेतला याची स्वच्छ नोंद नसली की शेवटी बदनाम होतो तो लाठी हातात असलेला शिपाई. हुकूम देणारा रजेवर जातो, शिपाई गावात तोंड दाखवू शकत नाही. कारण लिहून ठेवण्याची सक्ती ही आंदोलकाइतकीच त्या शिपायाच्या बचावाची आहे.

श्रोती (विधी शाखेची विद्यार्थिनी) : सर, मग यूएपीएसारखे कायदे नकोतच का? देशाला धोका खरंच असेल तर?

ताई, आतले वर्तुळ खरे आहे. त्यासाठी वेगळा कायदा असू शकतो. आमचा आक्षेप त्याच्या जामिनाच्या अटीवर आहे. यूएपीएच्या कलम ४३ डी (५) खाली, पोलिसांच्या कागदांवरून आरोप वरकरणी खरा वाटला की जामीन नाकारायचा. मग खटला दहा वर्षे चालला तर ती दहा वर्षेच शिक्षा होते, निकाल काहीही लागो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नजीब प्रकरणात सांगितले की खटला लांबला तर ही अट घटनेपुढे मोठी नाही. पण ते प्रत्येकाला आपापल्या प्रकरणात पुन्हा सिद्ध करावे लागते. आपण सुरुवातीला लोकलच्या स्फोटाचा खटला पाहिला, १९ वर्षांचा. धोका खरा आहे म्हणूनच खटला लवकर आणि चोख हवा. खरा आरोपी लवकर दोषी ठरला तर आम्हालाही आनंदच आहे. चुकीचा माणूस आत आणि बरोबर माणूस बाहेर, याला कुठल्याही भाषेत सुरक्षा म्हणत नाहीत.

वेळ झाली. एक विनंती करून थांबतो. पुढच्या वेळी येताना वर्तमानपत्रातला तो आतल्या पानावरचा चौकोन कापून आणा. पुढचे व्याख्यान त्याच्यावरच करू.